पिंपं मी दिलीच नाहीत!

मंडळी, नाव सांगत नाही, पण सल्ला हवाय.

मी इथे आखातात, रुवीतल्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळतो. आज सकाळी आमच्याच बिल्डिंगमधले एक इंजिनीअर स्टोअरवर आले. "बिअरची दोन जुनी स्टीलची पिंपं दे ना, पाणी साठवायला."

मी हो म्हणणार, तेवढ्यात म्हणाले, "तोंड कापून खाली नळ बसवेन. आणि पोतंभर जव कुठे मिळतील रे?"

मला शंका आली. "साहेब, घरी बिअर बनवायचीय का?"

ते नुसते हसले.

"पकडलं तर खलास! तुमच्यासोबत माझाही व्हिसा जाईल." मी सरळ नाही म्हटलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये साहेबांच्या मिसेस, वहिनी भेटल्या. "भावोजी, थँक्यू हं! हे म्हणाले, पिंपं तुम्हीच दिलीत."

मी कसनुसा हसलो. आता वहिनींना खरं सांगू, की आधी साहेबांना जाब विचारू?