नव्या कन्सोलचा पहिला डाव

इंद्रलोक सोसायटीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात. लिफ्टमध्ये भेटले की कसा आहेस वगैरे न विचारता थेट सुरू करतात, "व्हिडिओ गेमचा नवीन कन्सोल येतोय. फॅनचा आवाजच नाही म्हणे." कुठल्या गेमची तारीख पुढे ढकलली, कुठल्या कंट्रोलरची बटणं लवकर सैल होतात, हे ते घरातल्या माणसांच्या तब्येतीबद्दल बोलावं तसं हळू आवाजात सांगतात. लिफ्ट थांबली तरी दार धरून वाक्य पूर्ण करतात.

गेल्या वर्षीपासून त्यांचे हात थरथरतात. कंपवात आहे, हे मला काकूंकडून कळलं. काका त्याबद्दल कधीच बोलले नाहीत.

तरीही नवा कन्सोल आला, त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. खोका त्यांनीच उघडला, वायरी त्यांनीच जोडल्या. वेळ लागला, पण मला हात लावू दिला नाही. मग कंट्रोलर थोडा वेळ तळहातावर तोलला आणि माझ्यापुढे धरला.

"तू खेळ. मी बघतो."

"काका, मला नाही येत."

"मला तरी आता कुठे येतंय?"

मी खेळायला बसलो. पडद्यावरचा माझा गडी पहिल्याच दरीत पडला, मग पुन्हा पडला. काका शेजारून सांगत राहिले, "घाई करू नकोस. कड आली की उडी मार."

बऱ्याच वेळाने उडी जमली आणि पलीकडचं जंगल दिसलं. काका पुढे सरकून डोळे भरून बघत होते.

"थांब जरा," ते म्हणाले. "लगेच पुढे जाऊ नकोस."