माझ्या चक्कीवरची मजूर

दारात अनोळखी माणूस आलं की मी आधी त्याचे पाय पाहतो. बूट असले तर काही न्यायला आलेलं असतं, चप्पल असली तर काही विकायला. त्या पोरीच्या पायात बूट होते आणि ते धानाच्या बांधीतल्या चिखलानं माखलेले होते. म्हणजे ही डांबरी रस्ता सोडून शेतातून धुऱ्याधुऱ्यानं आली. सरळ कामाचा माणूस धुऱ्यानं कशाला येईल? मी तिला बस म्हटलं नाही. ती आपणच ओसरीवर बसली आणि मांडीवर टॅब उघडला.

"आबाजी, आम्ही घरोघरी सर्वे करून राह्यलो. घरात किती माणसं, काय खाता, काय पिकते, काही धंदा हाय का, एवढंच विचारायचं हाय."

"गावात एवढी घरं. माह्यंच काऊन?"

"चिठ्ठी टाकल्यासारखं निघते. कॉम्प्युटर काढते."

चिठ्ठीत माझं नाव घरकुलाला निघालं नाही, विहिरीला निघालं नाही. आणि आता बरोबर निघालं.

तिनं सांगितलं, दूर कुठं शिकलेली माणसं बसली आहेत, इकडचे लोक कसे जगतात ते त्यांना पाहायचं आहे, आणि माझं नाव कुणाला कळणार नाही.

"नावच नाई लागत तर विचारते काऊन?" मी म्हटलं.

ती हसली. मला हसणाऱ्या सरकारी माणसाची जास्त भीती वाटते. ती म्हणे मी सरकारी नाही. सगळे तसंच म्हणतात.

माझ्या डोक्यात पिवळं रेशनकार्ड होतं. पोरगा माजरीकडे कोळशाच्या खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली गाडी चालवतो, सुट्टी मिळाली की घरी येतो. त्याचा पगार या टॅबमध्ये गेला की कार्ड गेलं, हे समजायला चौथीच्या पुढं शिकावं लागत नाही. शेजारच्या गावात असंच कोणी गोड बोलून पक्क्या भिंती विचारून गेलं आणि मागून लोक कटलेल्या कार्डासाठी तालुक्याला खेटे घालत बसले.

आणि दोर तिनंच माझ्या हातात दिला. म्हणाली, "एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब धरतो आम्ही."

"मंग लिही," मी म्हटलं, "पोराची चूल वेगळी, माही वेगळी."

नेमकी तेव्हाच लाईन गेली. घराला लागून माझी पीठचक्की आहे, सून तिथं दळत होती. चक्की बंद पडली आणि पुढचं सगळं तिला ऐकू गेलं.

"चक्की कोणाची, आबाजी?"

"माही. बैलजोडी इकून घेतली."

"चालवते कोण?"

"सून."

पोरीचं बोट थांबलं. "सून तर तुमच्या कुटुंबात नाई म्हणता. मंग तिले मजूर लिहू?"

इथं मला मागं फिरता आलं असतं. पण नातीच्या वयाच्या पोरीसमोर थुंकलेलं कोण चाटतो? "लिही," म्हटलं.

"मजुरी काय देता?"

"काई नाई."

"बिनपगारी मजूर," ती आपल्याशीच बोलली आणि बोट दाबलं.

बायको गेल्यापासून मी सुनेच्या हातचं खातो. संध्याकाळी नेहमीच्या जागेवर जाऊन बसलो. सुनेनं मान वर केली नाही.

"मामाजी, मालक मजुराच्या घरी जेवत नसते. लोकं काय म्हनतीन?"

मी उठलो. इज्जत मलाही आहे. परसात तीन दगड मांडले आणि भात टाकला. खालून करपला, वरून कच्चा राहिला. तिला ऐकू जाईल असा खरवडून खाल्ला.

सकाळी चक्कीची चावी माझ्या खाटेवर पडलेली. मी चक्की चालवायला बसलो, पण चक्कीचे दगडी पाटे किती आवळायचे हे तिच्या हाताला ठाऊक. बाया पिठात बोटं घालून पाहू लागल्या.

"भाऊ, हे पीठ हाय का रवा?"

"सुनेले बसवा बापा, नाईतर आमी चाललो दुसऱ्या चक्कीवर."

मला तर अशीही शंका आली की ती बूटवाली पोर सुनेच्या माहेरानंच पाठवली, चक्की कुणाच्या नावावर आहे ते काढायला. आणि सुनेला वाटलं, म्हाताऱ्याला आम्हाला बाहेर काढायचं आहे. पोरगा सुट्टीवर आला, तिच्या चुलीवर जेवला आणि माझ्या खाटेवर येऊन बसला.

"बा, हे काय लावलं?"

"तुह्या कार्डासाठीच करून राह्यलो."

"मंग तिले सांगा ना."

"तिनं इचारलं का?"

तो कपाळाला हात लावून उठला. मग आतून सुनेचा आवाज आला, मला ऐकवायलाच काढलेला. "धान निघालं का मी तुमच्यासंगं येतो. माजरीले खोली पाहा."

धान निघालं. खोली पाहून झाली. तिनं पेटी भरायला घेतली त्याच दिवशी ती पोर पुन्हा आली. या सर्वेत म्हणे त्याच घरी दुसऱ्यांदा यावं लागतं. कशासाठी, ते देव जाणे.

मी तिला ओसरीच्या खालीच गाठलं. "मागचं लिहिलेलं बदल."

"ते नाई बदलत, आबाजी. ते त्या दिवशीचं. आज जे हाय ते आज लिहितो. आज कोणाच्या चुलीवर जेवले?"

"जेवलोच नाई."

"मंग काय लिहू?"

पेटी दारातूनच दिसत होती, अर्धी भरलेली. मी आत गेलो आणि माझ्या जुन्या जागेवर बसलो.

"वाढ."

"काऊन? तांदूळ सरले?" सून म्हणाली.

"तिले लिहाचं हाय."

"तिच्यासाठी जेवता?"

मी मांडी सारखी केली. "माह्या हातचा भात माह्याच्यानं खाल्ल्या जात नाई."

तिनं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताट घेतलं. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांगं.

पोर दारात उभी. "एकच चूल लिहू, आबाजी?"

माझं तोंड भरलेलं होतं, मान हलवली. मग तिनं पोराचा पगार विचारला. घास गिळून तोही सांगितला. एक चूल म्हटल्यावर लपवायचं कुठं?

"अन् चक्की?"

"घराची."

"घराची असं नाई लिहिता येत. एका माणसाचं नाव लागते."

"मामाजीचंच लिही," सून म्हणाली. "बैल त्यायचे होते." आणि माझ्यापुढं हात केला. "चावी आणा इकडे. बाया तीन गावं फिरून राह्यल्या."

मी करदोड्याची चावी सोडून दिली. पेटीतले कपडे तिनं कधी काढले ते मी पाहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी चक्की चालू होती आणि पीठ मऊ होतं.

कार्डाचं अजून काही झालेलं नाही. दर महिन्याला रेशन दुकानात मी स्वतः जातो, सुनेला पाठवत नाही. मशीन अंगठा घेते तोवर मी गप्प आहे. ज्या महिन्यात घेणार नाही, त्या महिन्यात कार्ड कोणी घालवलं आणि त्या बुटांना कुठल्या बांधीचा चिखल होता, ते मी साऱ्या गावाला बरोबर सांगेन.