घोडेगावच्या बाजारात गेलेला पासपोर्ट

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण घोडेगावच्या गुरांच्या बाजाराचा तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो.

दुपारी बाराच्या सुमारास एक शेतकरी मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात आला. मुलगी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय फुटबॉल संघात होती. रात्रीपर्यंत मुंबई गाठायची, पहाटे परदेशातल्या स्पर्धेसाठी विमान. बाप रडकुंडीला आला होता. "जाता जाता म्हैस बघाया थांबलो साहेब. तेवढ्यात बॅग गेली. पासपोर्ट त्यातच हुता."

गुन्हा नोंदवून मी साध्या वेशातली माणसं बाजारात सोडली. तासाभरात शेळ्यांच्या एका दलालाचा फोन आला. "साहेब, तुमचं जुनं गिऱ्हाईक हितं फिरतंय. मगाशी खांद्याला बॅग हुती, आता न्हाई."

त्या सराईत चोराला उचलून आणला. "आईची आन, मला ठाव न्हाई," एवढंच पालुपद. असली माणसं दरडावणीला सरावलेली असतात. मी मुलीलाच समोर बसवलं.

ती म्हणाली, "काका, बूट, कपडे, सगळं ठेवा तुमाला. फक्त पासपोर्ट द्या. भारताकडून खेळायला जायचंय."

"तू? भारताकडून?" तो हसला. हवालदारानं मोबाईलवर संघाचा फोटो दाखवला. तो फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "कर्जतच्या टेम्पोत, कडब्याखाली दडवलीय."

टेम्पो नुकताच निघाला होता! नाकाबंदी लावली, नगरच्या अलीकडे तो अडवला. पंचांसमोर कडबा उपसला आणि पासपोर्ट हाती आला. साडेतीन वाजले होते.

पण पासपोर्ट आता मुद्देमाल झाला होता. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तो परत देता येत नव्हता.

"देऊन टाकू साहेब, कोन विचारतंय?" हवालदार म्हणाला. क्षणभर मलाही मोह झाला. पण उद्या त्याच चुकीवर चोर सुटला असता. बापलेकीला जीपमध्ये घेतलं आणि कोर्टासाठीचा अहवाल मी धावत्या जीपमध्येच लिहिला. नेवाशाला पोहोचलो तेव्हा कोर्ट उठायच्या बेतात होतं. मॅजिस्ट्रेट बाईंनी कागद वाचले, मुलीकडे पाहिलं.

"कुठं खेळतेस?"

"डाव्या बाजूनं, पुढं."

"मग पळ आता!" म्हणत त्यांनी सही केली.

चौथ्या दिवशी अख्खं ठाणं एका मोबाईलभोवती जमलं. उत्तरार्धात ती मैदानात उतरली आणि डावीकडून तिनं असा पास दिला की पुढच्या क्षणी गोल! ठाणे अंमलदार चक्क खुर्चीवर चढला. कोठडीतून त्याच चोराचा आवाज आला, "साहेब, आपली पोरगी हुती का?" "व्हय!" आम्ही सगळेच ओरडलो. गजांआड टाळ्या वाजल्या.

कायदा हळू चालतो, हे मी नोकरीभर ऐकलं होतं. त्या दिवशी उमगलं, कायद्याला स्वतःचे पाय नसतात. तो आपल्या पायांनी चालतो. आपण धावलो, तर तोही धावतो.