तांब्याभर पाणी

साक्रीच्या आमच्या पाटबंधारे कचेरीत माती तपासणारे एक नाना होते. बोलता बोलता ते थांबत आणि चिमूटभर माती बोटांत चोळत बसत, जणू पुढचं वाक्य तीच सांगणार होती.

पुढाऱ्यांनी तलावाची जागा ठरवली, तेव्हा नानांनी तिथं सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी ओतलं. ते क्षणात मुरलं.

"आठे पाणी टिकस नही, भाऊ."

पुढारी हसले. "नाना, तुम्हीच नारळ फोडा."

नानांनी डोळे मिटून फोडला.

तलाव झाला. पुढे दर दिवाळीत त्या कोरड्या तळातून नाना धोतर गुडघ्यापर्यंत उचलून सावकाश चालत, पाण्यातून चालल्यासारखे.

एकदा मी म्हटलं, "नाना, तुमचंच खरं ठरलं."

"नारळ फोडताना मी उलटं मागितलं होतं रे."