दाढेतला किडा
परवा नातवाच्या किडलेल्या दुधाच्या दाढेत डॉक्टरीणबाईंनी मसाला भरला, तेव्हा लवंगेच्या तेलाचा वास आला आणि मी थेट बोरी अरबच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले. मी सात वर्षांची होते आणि माझी दाढ पार आतवर किडली होती. आईनं निखाऱ्यावर भुईरिंगणीचं बी टाकून त्याचा धूर नळीनं माझ्या तोंडात सोडला. खाली ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात पांढरं काहीतरी दिसताच ती शेजारणीला म्हणाली, "पाह्यलं का वं, पडला किडा!" ठणका मात्र तसाच राहिला. शेवटी आईबाबांनी मला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. "दुधाची हाय, उपटून टाका. पडणारच हाय ते," बाबा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "हिच्या खालची पक्की दाढ यायला तीन-चार वर्षं आहेत. तोवर हिलाच जागा धरायची आहे." त्यांनी कीड खरवडली आणि लवंगेच्या तेलात कालवलेल्या पांढऱ्या भुकटीनं भोक बुजवलं. आईचा चेहरा उतरला. "बुजवलं? अन् किडा आतच राह्यला असन तं?" डॉक्टर हसले. "किडा नसतोच, बाई." पुढे कितीतरी दिवस माझी वेणी घालता घालता आईची फणी थांबायची आणि ती माझ्या गालाला कान लावायची. मी चिडायची, "माय, किडा नसते म्हने!" "चूप राह्य. आयकू दे मले." परवा घरी आल्यावर नातू म्हणाला, "आजी, आता दुखत नाही." किडा नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी त्याला जवळ ओढलं आणि गालाला कान लावला.