डेल्बर्टच्या गाडीची वेसण

त्या बुधवारी ऑर्व्हिल लायकर सकाळपासून एका जागी बसला नव्हता. ओतून घेतलेली कॉफी ओट्यावर तशीच निवत होती. शेडमध्ये जाऊन त्याने भिंतीवर टांगलेले नटबोल्टचे पाने काढून पुसले, परत लावले, आणि थोड्या वेळाने तेच पाने पुन्हा काढले. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तो खिडकीशी जाई आणि गाडी दुसऱ्याच कुणाची निघाली की तोंड फिरवी.

"तुला झालंय तरी काय?" नॅडीन, त्याची बायको, बीरॉकच्या, म्हणजे कोबी-मांस भरून भाजायच्या पावांच्या सारणासाठी कोबी चिरत होती. "व्यायला आलेल्या मांजरासारखा फिरतोयस घरभर."

"काही नाही. वाऱ्यानं डोकं धरलंय."

"वारा काय आज आला लिंडेनटालमध्ये?"

ऑर्व्हिल पुन्हा खिडकीशी गेला. शुक्रवारपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि कारण सांगायची सोय नव्हती.

टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी खांब सोडायला लावले, तेव्हा हाताला काहीतरी हवे म्हणून त्याने एक जुना लॅपटॉप आणि एक केबल घेतली. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ एक खाच असते. तिथे केबल लावली की पिकअपचा मेंदू पडद्यावर उलगडतो. नुसते आकडे, ओळींवर ओळी. पण कुठला आकडा बदलला की काय होते हे त्याने चुका करत, इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांना विचारत, हळूहळू शिकून घेतले. दार लावताना वाजणारा भोंगा बंद करणे, दिवसा उगाच जळणारे दिवे विझवणे, आणि कुरणातल्या फाटकाशी दर वेळी चढउतार करणाऱ्याच्या कानाशी टणटणणारी सीटबेल्टची घंटा गप्प करणे, असली ही कामे. आसपासच्या गावांतून लोक येत. कुणी घरी भाजलेला ॲपल पाय दिला, कुणी अंडी.

त्याचे तीन नियम होते. बॅटरीला चार्जर लावल्याशिवाय काही लिहायचे नाही, कारण लिहिता लिहिता बॅटरी मान टाकते आणि मेंदू अर्धवट राहतो. मूळ आकड्यांची प्रत घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि गाडीचा मालक शेजारच्या सीटवर बसलेला असला पाहिजे. तिसऱ्या नियमाला लोक हसत. ऑर्व्हिल म्हणे, "गाडी तुझी आहे. मी काय करतोय ते तुला दिसलं पाहिजे."

शुक्रवारी हा तिसरा नियम मोडला.

गाडी होती डेल्बर्ट वर्थची. दोघे एका शाळेत शिकलेले, एकाच तारेवर काम केलेले. डेल्बर्टची मुलगी जोलीन ही ऑर्व्हिलची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरून तोच उभा होता. ती आता शहराच्या इस्पितळात परिचारिका होती. बापाला डोळ्याच्या डॉक्टरकडे सोडून ती बापाचीच गाडी घेऊन शेडमध्ये आली.

"ऑर्व्हिलकाका, डॅडींनी गेल्या महिन्यात दोनदा गाडी रस्त्याकडेच्या चारीत घातली. तुम्हाला सांगितलं?"

"एकदाचं सांगितलं. हरीण आडवं आलं म्हणाला."

"हरीणबिरीण काही नव्हतं." ती रडत नव्हती, पण किल्ली सारखी या हातातून त्या हातात करत होती. "किल्ल्या काढून घेतल्या तर ते जेवायचे नाहीत. मला ठाऊक आहे ना. तुम्ही फक्त वेग बांधा. कंपन्या आपल्या गाड्यांना बांधतात तसा. पंचेचाळीस मैलांच्या वर जाऊच नये."

"त्याला विचार आधी."

"विचारलं तर हो म्हणतील? ते चर्चला जातात, धान्याच्या कोठारावर जातात, कॅफेत जातात. सगळं गावात. शहरात मॉमकडे मी नेते त्यांना. पंचेचाळीस त्यांना जाणवणारसुद्धा नाही."

धर्मकन्येला नाही म्हणणे ऑर्व्हिलला कधी जमले नव्हते. त्याने चार्जर लावला, प्रत घेतली, आणि रिकाम्या सीटकडे न बघता आकडा बदलला.

तेव्हापासून तो असा फिरत होता. रविवारी चर्चनंतर पत्त्यांच्या टेबलावर डेल्बर्ट समोर बसला होता, नेहमीसारखा चिडवत होता, आणि ऑर्व्हिलने हातातले चांगले पान दोनदा वाया घालवले.

नॅडीनने बीरॉक भट्टीतून काढले. "हे चार लिओनासाठी बांधून ठेवते," ती म्हणाली. "डेल्बर्ट निघायच्या आत नेऊन दे. नाहीतर राहू दे, निघालाच असेल तो."

"निघाला? कुठे?"

"शहरात, लिओनाकडे. बुधवार नाही का आज."

लिओना म्हणजे डेल्बर्टची बायको. वर्षभर शहरातल्या शुश्रूषागृहात होती. नवऱ्याला ओळखे, बाकी फारसे नाही.

"त्याला जोलीन नेते ना?"

"जोलीनला बुधवारी इस्पितळात पाळी लागली, तेव्हापासून बुधवारचा एकटाच जातो. तिची पाळी सुटायच्या आत घरी येतो. तिला सांगू नको म्हणाला मला. तुला माहीत नव्हतं?"

ऑर्व्हिलने गाडीची किल्ली उचलली. शहरात जायला हमरस्ता. तिथे मैलोनमैल गाड्या सत्तर-पंचाहत्तरने जातात, आणि गव्हाची कापणी चालू असल्याने धान्याचे ट्रेलर एकामागे एक. त्या रांगेत डेल्बर्ट असेल, पाय तळापर्यंत दाबलेला आणि गाडी पंचेचाळिसाच्या वर हलत नाही. चारीत पडू नये म्हणून ज्याला वेसण घातली, त्याला ऑर्व्हिलने ट्रेलरच्या तोंडी दिले होते.

"टोपी," नॅडीन म्हणाली. तो टोपी न घेताच निघाला होता. तिने टोपीबरोबर बीरॉकची पिशवीही हातात कोंबली. "आता जातोच आहेस तर."

हमरस्त्याला लागल्यावर बराच वेळ काही दिसले नाही. प्रत्येक चढावर तो मान उंचावून बघे. पलीकडे मोडलेली गाडी दिसणार, असे वाटे. मग एका उतारावर ट्रेलरांची रांग दिसली आणि रांगेच्या तोंडाशी डेल्बर्टची तपकिरी पिकअप. मागचा ट्रेलर भोंगा दाबून बसला होता. दुसरा एक डाव्या अंगाने पुढे काढायला गेला, समोरून कापणीयंत्र आले, आणि तो जेमतेम परत आत शिरला.

ऑर्व्हिलने मिळेल त्या फटीतून गाडी पुढे घेतली, डेल्बर्टच्या मागे घातली आणि धोक्याचे दिवे लावले. आता ते भोंगे त्याच्या पाठीवर वाजू लागले. वाजू देत, तो म्हणाला. पण मागे राहून त्याला आणखीही काही दिसले. डेल्बर्टची गाडी मधल्या पिवळ्या रेघेवर जाई, दचकल्यासारखी परत येई. हमरस्ता सोडल्यावर थांबायची पाटी होती. डेल्बर्ट तिथून सरळ निघून गेला, जणू पाटी नव्हतीच. डावीकडून येणाऱ्या बाईने ब्रेक मारला म्हणून निभावले.

शुश्रूषागृहाच्या दारात डेल्बर्ट उतरला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"तू इथं काय करतोयस?"

ऑर्व्हिलने पिशवी वर केली. "लिओनाला बीरॉक."

"बीरॉक द्यायला दिवे लावून आलास? मला वाटलं, दिवे लावलेल्या मयतीच्या गाड्या लागल्यात माझ्या मागं."

आत लिओनाने अर्धा बीरॉक खाल्ला आणि ऑर्व्हिलला पाद्री समजून त्याचे आभार मानले. डेल्बर्ट तिच्या बोटांवरचे चुरे टिपत बसला. ऑर्व्हिलच्या ओठांवर खरे काय ते दोनदा आले, दोनदा त्याने गिळले. तिच्यासमोर नको.

बाहेर आल्यावर डेल्बर्ट म्हणाला, "गाडी आजारी आहे. दम धरत नाही. मघाशी मारलंच असतं मला. घरी गेल्यावर तुझी केबल लाव."

"लावतो. परत जाताना जुन्या कच्च्या रस्त्यानं जाऊ. मी पुढं होतो."

शेडमध्ये डेल्बर्ट आपणहून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. नियम त्याला पाठ होता. ऑर्व्हिलने चार्जरचे चिमटे लावले, केबल खाचेत घातली. पडद्यावर ओळी उलगडल्या. शोधण्यासारखे काही नव्हते, तरी तो शोधल्यासारखे करत राहिला.

"सापडलं?"

"सापडलं."

"मग बोल ना. मरणाची बातमी असल्यासारखा काय बसलास?"

"वेग बांधलाय. पंचेचाळीसवर."

"कुणी?"

"मी."

पत्र्यावर वारा वाजत होता. डेल्बर्टने चार्जरच्या तारेकडे बघितले, मग आपण बसलो होतो त्या सीटकडे.

"आणि मी कुठं होतो?"

"डोळ्याच्या डॉक्टरकडे. शुक्रवारी."

"म्हणजे जोलीन." त्याने मान हलवली. "तिचं मी बघीन. ती पोरगी आहे माझी, तिनं घाबरावं. तू मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतोच. विचारायचं ते त्यासाठीच असतं."

ऑर्व्हिलला ते पटले. पण दुसरे एक बोलायचे होते, आणि आज गिळले तर ते कायमचे गिळले जाईल असे त्याला वाटले. "चुकलो मी. पण तू थांबायच्या पाटीला थांबला नाहीस, डेल्बर्ट. पिवळ्या रेघेवरही गेलास, किती वेळा ते मोजलं नाही. वेग पंचेचाळीसच होता तेव्हा. मी मागं होतो."

"झालं बोलून?"

"झालं."

"मग होतं तसं कर."

ऑर्व्हिलने जपलेली प्रत काढली, मूळचा आकडा लिहिला, किल्ली बंद केली, पुन्हा लावली. डेल्बर्ट तोवर पडद्याकडे टक लावून होता. मग तो उतरला, वळसा घालून ऑर्व्हिलने सोडलेल्या जागी स्टिअरिंगशी बसला आणि निघून गेला. नॅडीनने कॉफी घेऊन आवाज दिला तोवर गाडी वळणापार होती.

पुढचे दिवस ऑर्व्हिलने कसे काढले ते नॅडीनलाच ठाऊक. त्याने गवत कापले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कापायला घेतले. जोलीनचा फोन आला. "डॅडी माझ्याशी बोलत नाहीत, काका," ती म्हणाली, आणि तो इतकेच म्हणू शकला, "माझ्याशी पण." रविवारी डेल्बर्ट चर्चमध्ये पलीकडच्या बाकावर बसला आणि पत्त्यांना थांबला नाही. रस्त्यावर सायरन वाजला की ऑर्व्हिल अंगणात येऊन उभा राही, आवाज कुठल्या दिशेला जातोय ते ऐकत.

बुधवार उजाडला. दुपारी त्याने टोपी घातली, काढली, घातली. पुन्हा मागून जायचे का? बोलावल्यावाचून, दिवे लावून? तो दारातच उभा होता, तेव्हा ती तपकिरी पिकअप फाटकाशी येऊन थांबली.

कुणी उतरले नाही. इंजिन चालू होते. ऑर्व्हिल जवळ गेला तेव्हा त्याला दिसले की स्टिअरिंगमागची जागा रिकामी आहे. डेल्बर्ट सरकून पलीकडे बसला होता, पट्टा लावून, समोर बघत.

"मिनिटभर वाट बघून निघून जाणार होतो," तो म्हणाला. "चल. लिओना जेवून झोपायच्या आत पोचायचंय."

ऑर्व्हिल चढला. सीट पुढे घेतली, आरसा वळवला. डेल्बर्टने ते सगळे बघितले. गाडी हमरस्त्याला लागली. मागे ट्रेलर आला, दिवे मारू लागला.

"किती आहे?" डेल्बर्टने विचारले.

"पन्नास."

"सत्तर चालतं इथं." त्याने बाजूच्या आरशात बघितले. "वेसण काढलीस ना नक्की?"

"तुझ्यासमोर काढली."

"मग दाब की पाय. त्या ट्रेलरवाल्याला घरदार असेल."

ऑर्व्हिलने पाय दाबला. गाडी सुरळीत उचलली गेली. डेल्बर्टने डावा हात सीटवर टेकवला होता, आणि प्रत्येक वळणावर, स्टिअरिंग अजून त्याच्याच हातात असल्यासारखी, त्याची बोटे आवळली जात होती.