होटगीच्या खुंट्यांवरची लाल रेघ

होटगीची फेरी ठरली ती माझ्यामुळे. आमचे साहेब जमीन उजाड कशी होते याचा अभ्यास करतात. तरुणपणी ते राजपुतान्याच्या वाळवंटात राहून आले आणि आता नऊ वर्षे सोलापूरच्या काळ्या मातीमागे आहेत. तीन वर्षांपूर्वी होटगीजवळच्या एका उताराच्या शेतात त्यांनी माझ्याकडून लोखंडी खुंट्या रोवून घेतल्या होत्या. खुंटीवर जमिनीलगत लाल रेघ असते. रेघेखाली माती जितकी उतरेल तितकी ती वाहून गेली, असे धरायचे. आजूबाजूच्या शेतांत मुरूम उघडा पडला, पण माझ्या वहीत तिन्ही वर्षे शून्य.

"तुम्ही खरोखर तिथं गेला होता ना?" साहेबांनी विचारले.

गेलो होतो. प्रत्येक खुंटी तीनदा मोजली होती. पण शाळा अर्धवट सुटलेल्या हंगामी कारकुनाचे कोण ऐकणार? या वहीवर माझी नेमणूक कायम व्हायची होती.

सकाळच्या गाडीने निघालो. एक खोटी निघाली तर दुसरी असावी म्हणून मी दोन फूटपट्ट्या घेतल्या. होटगीला उतरणाऱ्याने पाणी स्टेशनावरच भरून घ्यावे. पुढे विहीर आहे, पण पोहरा नसतो. भाकरी आणि शेंगांची चटणी घरून न्यावी. छकड्याचे सहा आणे पडतात. पाच म्हटले की गाडीवान आपल्याशी बोलायचे सोडून बैलांशी बोलू लागतो.

वाटेत तो साहेबांना म्हणाला, "माती मोजायला निघालाय व्हय? आमच्यात माती चोरीला जात न्हाय, सायेब."

"जाते. वारा नेतो, पाणी नेतं."

"मग फौजदार काय करणार?"

"म्हणूनच मला पाठवलंय."

यावर तो बराच वेळ बैलांशीच बोलला.

शेतात पोचताच मी पट्टी लावली. शून्य. दुसरी पट्टी लावली. तरीही शून्य. मी दोन्ही पट्ट्या एकमेकींना लावून पाहिल्या. साहेब मात्र वाकून पाहत होते. प्रत्येक खुंटीभोवती माती गोल, थापून बसवलेली होती, तुळशीला आळे करावे तशी.

शेताची मालकीण गंगव्वा घोंगडे घेऊन आली. "कूडरी, बसा की."

"ही माती कोणी घातली?"

"मीच की. ह्योच सांगून गेला हुता," तिने माझ्याकडे बोट केले. "म्हणाला, माती जरा हलली तरी मला वर कळवावं लागतंय, नीट लक्ष ठेवा. लई घाबरल्यालं पोरगं. म्हटलं, आपल्या रानापायी ह्याची नोकरी जायला नगो. रेघेखाली माती गेली की पाटी आणून वतायची."

तीन वर्षांची मोजणी गेली. साहेब घोंगड्यावर बसले. माझी नोकरी तर माझ्या डोळ्यांदेखत स्टेशनाकडे चालली होती.

साहेबांनी विचारले, "अंदाजे किती पाट्या?"

"अंदाजे कशाला? सरकारी काम हाय. उद्या कोण म्हणंल, गंगव्वानं कमी घातली."

शेतातल्या तिच्या खोपीच्या भिंतीवर चुन्याचे ठिपके होते. प्रत्येक खुंटीची एक ओळ, पाटीमागे एक ठिपका. पाटी तीच, एकच. पाटीत किती माती मावते ते आम्ही मोजले आणि उन्हे कलेपर्यंत मी ठिपके उतरवून घेतले, अर्थात तीनदा.

"माती आणली कुठून?"

"खालच्या बांधाशी साचलेली. आमचीच की, हितनंच गेल्याली."

साहेब हसू लागले. "नऊ वर्षं मी माती जाताना मोजतोय," ते मला म्हणाले. "ही परत आणते, तीही मोजून."

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "तुमची मोजणी बरोबर होती." वहीत निरीक्षकाच्या जागी माझ्या नावाआधी गंगव्वाचे नाव घालायला त्यांनी सांगितले. पुढे नेमणूक कायम झाली. आता मोहोळकडे खुंट्या रोवताना मी शेतकऱ्याला बजावतो, "या खुंट्यांकडे मुळीच लक्ष देऊ नका." तो संशयाने पाहतो.

त्या दिवशी घरी वहाणा झाडल्या तर चिमूटभर काळी माती पडली. ती केरात टाकवेना. पुडी बांधून वर 'होटगी' लिहिले. पुढच्या खेपेस गंगव्वाला द्यायची आहे. तिच्या पाटीत कमी भरायला नको.